आधी सांगायचं, मग हात लावायचा

१७ जानेवारी

ती. ताईस,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. सकाळभर हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी पिळायच्या आणि संध्याकाळी कॉलेजात जाऊन पेन धरायचं, म्हणजे मनगटाच्या नाकी नऊ येतात. फोनवर तुला सगळं ठीक आहे असंच सांगितलं. आपलं फोनवर कधी खरं बोलणं झालंय? आई आजारी असताना त्या दोन खोल्यांत तिला सगळं ऐकू जायचं म्हणून आपण पत्रं लिहायला लागलो. आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी खरं सांगायचं म्हटलं की मला अजून कागदच लागतो.

तर खरं सांगते. माझ्यावर चोरीचा आळ आलाय.

निबंधाच्या सरांनी आम्हाला "मला चांगलं येणारं एक काम" यावर लिहायला सांगितलं होतं. मला काय येतं? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलता येते. आईची इतकी वर्षं बदलली. मग तेच लिहिलं. आधी आपले हात चोळून गरम करायचे, काय करणार ते त्या माणसाला सांगायचं, आणि मगच हात लावायचा. न सांगता हात लावला तर माणूस दचकतो, आपल्याकडचं काहीतरी कुणी हिसकावून नेतंय असं त्याला वाटतं. हे तुला नवीन नाही, तुला मी तेव्हाच लिहिलं होतं. शेजारीपाजारी कुणाचं माणूस अंथरुणाला लागलं की त्यांनाही मी हेच सांगते. एकदा नीट सांगून झालेली गोष्ट पुढच्या वेळी तशीच तोंडात येते.

निबंध दिला, आठवड्याने कॉलेजच्या चौकशी समितीकडून बोलावणं आलं. हल्ली कॉलेजात प्रत्येक निबंध कॉम्प्युटर तपासतो, तो म्हणे माझं जवळजवळ सगळं पान उचललेलं आहे. सगळ्या कॉलेजांना मिळून एक नमुन्यांचा साठा आहे, चांगलं कसं लिहावं हे बघायला ठेवलेला, त्यात हे पान आधीपासून आहे. समितीच्या बाई स्वभावाने वाईट नाहीत. पाणी दिलं, बसायला सांगितलं. मग हळूच म्हणाल्या की मूळ पानात सासू आहे, तुम्ही तिची आई केलीत, आणि याचंच जास्त वाईट वाटतं, कारण शब्द बदलला म्हणजे आपण लपवतोय हे तुम्हाला ठाऊक होतं. ताई, माझ्या आईला मी कुणाच्या सासूवरून बनवली म्हणे!

आता ऐक काय पणाला लागलंय. पुढच्या महिनाअखेरीला सुनावणी आहे. दोष ठरला तर रुग्णसेवेच्या अभ्यासक्रमातून माझं नाव कमी होईल. ज्यांना लोकांच्या घरात, त्यांच्या आजारी माणसांजवळ एकटं सोडायचं, त्यांच्या नावावर असला शेरा चालत नाही. आधीच कबुलीवर सही केली तर कॉलेजात राहता येईल, पण रुग्णसेवा सोडून दुसरं काहीतरी घ्यावं लागेल. मग जन्मभर चादरीच पिळायच्या. चादरीवरच्या माणसापर्यंत पोचायला तर मी या वयात पाटी हातात घेतली.

तू त्याच खात्यातली. तुमच्या कॉलेजात प्रामाणिकपणाचा तास तूच घेतेस. असं कसं होऊ शकतं, तेवढं सांग. घरी लेक म्हणते, आई, मी शाळेत एवढ्या कॉप्या बघितल्या, पण कॉपीत पकडली गेलेली पहिली माझी आईच. हसवायला म्हणते बिचारी. आणि एप्रिलमधल्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकीने घरचं एक माणूस खाटेवर निजायला आणायचंय, तर यांना आत्तापासून गुदगुल्या होतात. परीक्षेपर्यंत मी राहिले तर बघू.

उत्तर लवकर पाठव. माया आहेच, ती या कामीही येऊ दे.
तुझी,
बारकी


२६ जानेवारी

चि. सौ. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनतीनदा वाचलं. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण जमलं नाही.

इथे नेहमीचंच. आमच्या निबंध मदत-कक्षाचा प्रिंटर पुन्हा कागद गिळतो. माझ्या टेबलासमोरची खुर्ची एका पायाने डुगडुगते, आणि तिच्यावर दिवसभर कुणी ना कुणी डुगडुगत बसलेलं असतं. कुणी ट्रक चालवून आलेला, कुणी तान्हं पोर शेजारणीकडे टाकून आलेली. सगळ्यांना मी एकच सांगते, दुसऱ्याचं घेतलंत तर त्याचं नाव लिहा. सांगून सांगून घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी दार ओढून घेते तेव्हा वाटतं, हे मी कुणासाठी करते आणि का करते.

तुझ्या प्रकरणाबद्दल विचार केला. अगं, या सुनावण्यांत माणूस फार झिजतं. तिथे तुझा शब्द आणि कॉम्प्युटरचा शब्द समोरासमोर येणार, आणि त्याचा शब्द मोडायची कुणाची छाती होत नाही. साठ्यात तऱ्हेतऱ्हेची पानं असतात. कुठलं वाक्य कुठून आलं याचा पत्ता नंतर लागत नाही. तेव्हा मला वाटतं, तू सही करून मोकळी हो. कार्यालयीन कामाचा अभ्यासक्रमही वाईट नाही. बसून काम असतं, पंख्याखाली. तुझ्या मनगटांनाही आराम मिळेल. रुग्णसेवा म्हणजे पुन्हा तीच उचलाउचल, आणि तू आईचं केलंस तेवढं एका जन्माला पुष्कळ झालं.

माझं मत सांगितलं. मेहुण्यांना आणि लेकीला विचारून काय ते ठरव. माझी प्रकृती बरी आहे, थोडी झोप उडाली आहे एवढंच. या वर्षी मला कायम करतील असं प्राचार्य म्हणत होते. अकरा वर्षं दर सत्राला नेमणुकीची वाट बघितली, आता कुठे ते दिसायला लागलंय.

जास्त काही सुचत नाही. ताईवरचा जीव आहे तसाच राहू दे.
तुझी,
ताई


७ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून हे म्हणाले, ताईंनी आजवर कुणाला हार मान म्हणून सांगितल्याचं ऐकलं नव्हतं. खरंच की. लहानपणी शाळेत माझी पट्टी कुणी घेतली तर तू त्या मुलीच्या घरापर्यंत जायचीस. आणि आता माझं सगळंच जातंय तर म्हणतेस, पंख्याखाली बस.

मला ते काही पटेना. दुसऱ्या दिवशी कामावरून थेट कॉलेजच्या ग्रंथालयात गेले आणि ग्रंथपालांना म्हटलं, ज्यावरून मी चोरी केली ते मला निदान वाचू तरी द्या. आजवर ते मला कुणी दाखवलंच नव्हतं. ग्रंथपालांनी कॉम्प्युटर लावून दिला, चष्मा विसरले होते तर अक्षरं मोठी करून दिली.

ताई, ते माझं पत्र आहे.

हात चोळणं आहे, सांगणं आहे, दचकणं आहे. आईच्या डाव्या खांद्याखाली मी जुन्या शालीची घडी ठेवायचे, तीही आहे. रात्री तिला पाणी हवं असलं की ती नुसती बोटं हलवायची, तेही आहे. फक्त आईची तू सासू केलीस. मला कुठली गं सासू? यांची आई मी घरात येण्याआधीच गेली. बसले तिथे मला हसूच आलं, आणि मग इतकं रडू आलं की ग्रंथपाल दार लावून बाहेर जाऊन उभे राहिले.

पानाच्या खाली लिहिलंय, विद्यार्थिनी, स्वतःच्या इच्छेवरून नाव दिलेलं नाही. कुणाच्या इच्छेवरून, ताई? आणि तुमच्या कॉलेजचं नाव, तुमच्या मदत-कक्षाचं नाव, सगळं ठळक अक्षरात.

माझं पहिलं पत्र वाचलंस तेव्हाच तुला कळलं असणार. कळून तू मला सही करायला सांगितलंस. पान घेतलंस त्यापेक्षा मला हे जास्त लागलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान असं आई शेजारच्या काकांना म्हणायची, आज मला तुलाच म्हणावं लागतंय.

मी समितीला अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तुझं कायम होणं गेलं, कदाचित नोकरीही गेली. नाही सांगितलं तर माझं गेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तुझ्या त्या डुगडुगत्या खुर्चीवर मी येऊन बसले आहे असं समज. तुमचं दुसऱ्याने घेतलं आणि ते दुसरं माणूस सख्खी बहीण निघालं, तर काय करायचं? सगळ्यांना तूच सांगतेस ना, मग मलाही सांग. सुनावणी सत्तावीस तारखेला आहे.

बारकी


१५ फेब्रुवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद देण्याचा हक्क मला आज वाटत नाही, तरी हात लिहून जातो. अनेक आशीर्वाद.

ते मी केलं. दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

कसं झालं ते सांगते, सारवासारव म्हणून नाही. साठ्यासाठी नमुने पाठवायचे होते आणि नियम असा होता की नमुना विद्यार्थ्याचाच हवा आणि त्याची लेखी परवानगी हवी. त्या सत्रात मी ढीगभर निबंध तपासले. एकाच पेटीतून काढल्यासारखे सगळे. कुणाच्याही लिहिण्यात स्वतःचं घर नाही, स्वतःचा हात नाही. घरी आले की मी तुझी पत्रं काढून वाचत असे. एवढा कचरा वाचल्यावर खरं काहीतरी वाचावंसं वाटायचं. एक दिवस तुझं पत्र पर्समध्ये घालून कक्षात नेलं, ते पान टाइप केलं, परवानगीचा कागद विद्यार्थिनीच्या नावाने मीच भरला आणि पाठवून दिलं. तुला विचारणार होते. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, आईचं अंथरूण लोकांना काय दाखवायचंय. ते मला आधीच ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही. पुढे आई गेली. मग कुठल्या तोंडाने सांगणार होते?

परक्यांनी आईबद्दल वाचू नये म्हणून सासू लिहिलं, अशी मी माझी समजूत घातली होती. खरं कारण एवढंच की कुणी ओळखू नये.

आणखी एक आहे, ते तुलाच सांगू शकते. आईजवळ मी नव्हते. नोकरी, सत्र, परीक्षा, दर वेळी काहीतरी होतं. तुझी पत्रं वाचताना वाटायचं, मीही तिथेच आहे, शालीची घडी मीच ठेवतेय. ते पान टाइप करताना ते माझंच आहे असं मला खरोखर वाटलं होतं. चोराला असंच वाटत असणार. इतकी वर्षं त्यांच्याशी बोलते आणि हे मला कधी कळलं नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मी सगळं ओळखलं. तरी मी बसून तुला सही करायला सांगणारं पत्र लिहिलं, व्यवस्थित पाकिटात घातलं आणि स्वतः जाऊन टाकून आले. त्याची लाज कुठल्या शब्दांत सांगू?

काल सकाळी मी प्राचार्यांना सगळं लेखी दिलं. तुमच्या समितीच्या बाईंनाही पाठवलं आणि त्यांच्याशी फोनवर बोलले. सुनावणीला येऊन समोर सांगायला तयार आहे असंही कळवलं. तुला आधी विचारलं नाही, कारण मी तुला ओळखते. तू आठ दिवस माझ्यावर जळफळली असतीस आणि नवव्या दिवशी राहू दे ताई म्हणाली असतीस, आणि मी ते ऐकलं असतं. तेव्हा याही वेळी न सांगताच हात लावला. हे शेवटचं.

प्रामाणिकपणाचा तास माझ्याकडून कालच काढून घेतला. कायम होण्याचं आता कुणी बोलत नाही, हे सत्र संपलं की नेमणूकही संपेल असं प्राचार्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तू वाईट वाटून घेऊ नकोस. खरं सांगू, त्या खोलीतून बाहेर आले आणि जिन्यात बसले, तर काय झोप येत होती गं! किती दिवसांची दमलेली होते कोण जाणे.

माफी मागायची आहे, पण लगेच देऊ नकोस. तुला सवय आहे.
तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,
बारकीचा सा. न. वि. वि.

नमस्कारातला एक शब्द कमी झालाय हे तुला दिसलं असेलच. तू म्हणालीस तसंच केलंय, माफी लगेच दिलेली नाही. सुनावणीला तू आलीस, बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसलीस, आणि मी तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही. आत तू सगळं सांगितलंस. तुझा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मग तू तशीच गाडी पकडून गेलीस आणि मी थांब म्हटलं नाही. घरी आल्यावर बघते तर यांनी तुझ्यासाठीही चहा टाकला होता, तो कपात तसाच राहिला.

निकाल परवा लागला. माझं नाव निर्दोष आहे, रुग्णसेवेत आहे आणि शेरा नाही. समितीच्या बाईंनी स्वतः बोलावून सांगितलं. सासू-आईबद्दल जे बोलल्या होत्या ते बोलायला नको होतं, असंही म्हणाल्या. मी ठीक आहे म्हटलं. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटलं. निबंधाच्या सरांनी चांगले गुण दिलेत. लेक म्हणते, दोन बहिणींच्या मेहनतीला एवढे तरी मिळायलाच हवेत. तिला रागावले आणि मग मीच हसले.

नंतर बाईंनी आणखी एक विचारलं. ते पान साठ्यात राहू द्यावं का, या वेळी माझ्या नावानिशी, सासूच्या जागी आई घालून? म्हणाल्या, खूप विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग होतो. मी नाही म्हटलं. निबंध माझा आहे, तो सरांना दिलाय, तो त्यांनी हवा तर वर्गात वाचावा. पण ते पान मी निबंध म्हणून लिहिलं नव्हतं. ते माझ्या बहिणीला लिहिलं होतं, ती लांब होती म्हणून. बाई काढून टाकते म्हणाल्या. आता ते कुठेच नाही. तुझ्याजवळचं पत्र तेवढं आहे.

राग गेला नाही, ताई. खोटं कशाला सांगू? चादर पिळताना तुझं तोंड आठवलं की ती जास्तच कोरडी निघते, मुकादमीणबाई खूश आहेत. तुला हे पत्र लिहायला बसले तेव्हाही दोन ओळी लिहून थांबले. वाटलं, हे आणखी कोण कोण वाचणार? असं मला कधी वाटलं नव्हतं. ते माझं तू घेतलंस, आणि ते पान काढून टाकलं तरी परत येत नाही. पण तुला लिहिल्याशिवाय राहवतही नाही, त्याला काय करू?

तुझी नोकरी जाणार याचं मला वाईट वाटतं. वाटू नये असं तू लिहिलंस, पण वाटतं. अकरा वर्षं त्या डुगडुगत्या खुर्चीसमोर बसून किती जणांना तू लिहितं केलंस, ते काही खोटं नव्हतं. समितीच्या बाईंनाही मी तेवढं सांगितलं. लिहून घेतलं त्यांनी, पुढे काय होईल माहीत नाही.

आता कामाचं. प्रात्यक्षिक एप्रिलच्या शेवटी आहे आणि यांनी साफ हात वर केलेत. मागच्या रविवारी सराव करायला घेतला तर कुशीवर वळवायच्या आत हे खाटेवरून खाली! लेकीची तेव्हा परीक्षा आहे. घरचं दुसरं माणूस मला नाही.

तू ये. सत्र तोवर संपलेलं असेल. कॉलेजच्या खाटेवर निजायचं, अंग सैल सोडायचं, मदत करायची नाही. बोलायचं नाही, आणि शिकवायचं तर मुळीच नाही. मी हात चोळून गरम करीन, काय करणार ते तुला सांगीन आणि मग तुझी कूस बदलीन. खांद्याखाली ठेवायला ती शाल घेऊन येईन, अजून आहे माझ्याकडे. मी कसं करायचे ते तुला लिहिलं होतं. आईला कसं वाटायचं ते मला कधी लिहिता आलं नाही. ते तुला तिथेच कळेल.

येताना जाड मोजे आण, ती खोली फार गार असते. लोभ आहे. राग गेला की वाढेलही, तोवर आहे तेवढ्यावर भागव.

तुझी,
बारकी